बटण लागत नाही, हे डॉक्टरांना सांगायचं का?

ताई,

वय वर्षं ७४. मोठ्या आतड्याचा कॅन्सर. ऑपरेशन झालं, पण काढलेल्या लिम्फ गाठींपैकी दोन गाठींत आजार सापडला म्हणून केमो लावली. दर तीन आठवड्यांनी एकदा ऑक्सॅलिप्लॅटिनची सलाईन आणि मग चौदा दिवस कॅपेसिटाबिनच्या गोळ्या. अशा आठ सायकली ठरल्यात, चार झाल्या. रिपोर्ट चांगले आहेत असं सगळे म्हणतात.

मग मी किरकिर कशाची करतो? बोटांच्या टोकांना मुंग्या येतात. आधी सलाईननंतर आठवडाभर यायच्या आणि जायच्या, आता जातच नाहीत. शर्टाची बटणं लावायला दहा मिनिटं लागतात, म्हणून टी-शर्ट घालू लागलो. तळपायाखाली कापूस ठेवल्यासारखं वाटतं. गार पाणी प्यायलं की घसा आवळतो. तोंडात सतत लोखंड चघळल्यासारखी चव. आंघोळ करून आलो की तासभर पडून राहावं लागतं. केस मात्र शाबूत, त्यामुळे भेटायला येणारा जो तो म्हणतो, "तुम्ही तर ठणठणीत दिसता!"

मुलाने गाडीची किल्ली काढून घेतली. डॉक्टर मला विचारतात आणि उत्तर तो देतो. बायको म्हणते, सकारात्मक राहा, निम्मं आजारपण मनातच असतं. परवा डॉक्टरांनी विचारलं, काही तक्रार? मी म्हणालो, नाही, ठीक आहे. जीव वाचवायला बसलेल्या माणसासमोर बटणाचं रडगाणं काय गायचं? पण घरी आल्यावर त्याच बटणापायी डोळ्यांत पाणी आलं. मी असा कधीच नव्हतो.

एक किरकिरा म्हातारा

---

काका,

सही तुम्ही केलीत तशीच छापली आहे, पण ती मला मान्य नाही. आणि आधी एक काम सांगते, बाकीचं पत्र मग सावकाश वाचा. पाचव्या सलाईनची तारीख यायच्या आत डॉक्टरांना फोन करा, किंवा तुमच्या केमोच्या नर्सला करा, आणि सांगा: "मुंग्या आता जात नाहीत आणि बटणं लागत नाहीत." एवढंच वाक्य. सलाईन लावायला खुर्चीत बसल्यावर नाही, त्याच्या आधी.

मी केमोच्या डे केअरमध्ये नर्स म्हणून पंचवीस वर्षं काढली. डॉक्टर विचारून गेले की खुर्चीत बसलेला माणूस मला हाक मारायचा आणि हळू आवाजात खरं काय ते सांगायचा. उलट्या झाल्या, पडलो, गोळ्या चार दिवस घेतल्याच नाहीत. "मग आत्ता डॉक्टरांना का नाही बोललात?" "अहो, त्यांच्यामागे किती व्याप. आणि आपलं एवढं काय!" हे "एवढं काय" साठीच्या पुढचे लोक जास्त म्हणतात. तरुण पोरं यादी करून आणतात.

एक आजी मला अजून आठवतात. तुमचंच औषध चालू होतं. दर वेळी हसून "छान आहे" म्हणायच्या आणि मी फाईलवर "तक्रार नाही" असं लिहून मोकळी व्हायचे. सहाव्या की सातव्या वेळी त्या दारातून आत आल्या तेव्हा एका पायात चप्पल नव्हती. वाटेत कुठे निसटली ते त्यांना कळलंच नव्हतं. त्यांचं "छान आहे" मी दर वेळी खरं मानलं, एकदाही पायांना हात लावून पाहिला नाही. ती चूक माझी.

तेव्हापासून हा "तक्रार" शब्द मला खटकतो. दवाखान्यात "काय तक्रार आहे?" असं विचारतात आणि आपल्या पिढीला वाटतं, आपण काय तक्रारखोर आहोत का? पण डॉक्टरांच्या भाषेत तक्रार म्हणजे लक्षण. रक्त तपासून हिमोग्लोबिन कळतं, स्कॅनमध्ये गाठ दिसते. तुमच्या बोटांना काय जाणवतं ते दाखवणारं असं कुठलंच यंत्र तुमच्या डॉक्टरांच्या टेबलावर नाही. ते फक्त तुम्हालाच ठाऊक आहे आणि तेच तुम्ही घरी ठेवून गेलात.

आता मुंग्यांविषयी. ऑक्सॅलिप्लॅटिनचा नसांवर दोन तऱ्हांनी परिणाम होतो. पहिला गारव्याने जागा होतो: गार पाण्याने घसा आवळल्यासारखा होणं, थंड वस्तूला हात लावला की झिणझिण्या. तो भीती घालतो, पण बहुधा काही दिवसांत ओसरतो. (त्या दिवसांत पाणी कोमट प्या आणि थंड वस्तू काढताना हातमोजे घाला.) दुसरा हळूहळू साठत जातो. प्रत्येक सलाईन आधीच्यात भर घालते, आणि एक दिवस दोन सायकलींच्या मधल्या काळातही बधिरपणा जात नाही. तुमचं "आता जातच नाहीत" हे वाक्य मी वाचलं आणि चष्मा काढून ठेवला. त्यात भर म्हणजे हा दुसरा प्रकार औषध थांबवल्यावरही दोनतीन महिने वाढत राहू शकतो आणि मग हळूहळू कमी होतो. काहींचा थोडाफार कायमचा राहतो. म्हणून इथे उशिरा सांगितलेलं महागात पडतं.

आणि बटण! तुम्हाला ज्याची लाज वाटली, ते तर नसांच्या त्रासाचं मापच आहे. केमोमुळे होणारा नसांचा त्रास मोजायला रुग्णांकडून एक प्रश्नावली भरून घेतात, तिच्यात बटणं लावताना त्रास होतो का, हा चक्क एक वेगळा प्रश्न आहे. डॉक्टर या त्रासाच्या पायऱ्या ठरवतात तेव्हाही हेच बघतात. नुसत्या मुंग्या असतील तर खालची पायरी. बाहेरची, घरची कामं अडायला लागली तर त्याच्या वरची. स्वतःचे कपडे स्वतः घालणं, जेवणं, आंघोळ करणं अडलं तर आणखी वरची, आणि तिथे औषधाचा डोस कमी करायचा की ते थांबवायचं हा विचार करावाच लागतो. तुम्ही टी-शर्ट घालून गेलात आणि "ठीक आहे" म्हणालात. डॉक्टरांनी कोणती पायरी लिहिली असेल, सांगा बरं.

यात आणखी एक गोष्ट आहे आणि ती तुमच्यासाठी फार मोक्याची आहे. तुमच्या चार सायकली झाल्या, म्हणजे तीन महिने. तुमच्यासारख्या, म्हणजे गाठींपर्यंत गेलेल्या मोठ्या आतड्याच्या कॅन्सरमध्ये पूर्वी ही केमो सगळ्यांनाच सहा महिने द्यायचे. मग वेगवेगळ्या देशांतल्या सहा चाचण्यांची माहिती एकत्र करून १२,८३४ रुग्णांत तीन महिने विरुद्ध सहा महिने असं तपासलं गेलं. निकाल २०१८ साली छापून आले. तुमच्याच दोन औषधांच्या जोडीवर सहा महिने राहिलेल्या शंभरातल्या जवळपास ४५ जणांना नसांचा मध्यम किंवा त्याहून जास्त त्रास झाला. तीन महिनेवाल्यांत हाच आकडा १४ च्या आसपास होता. आणि आजार परत येण्याच्या बाबतीत? ज्यांच्या एक ते तीनच लिम्फ गाठींत आजार होता आणि मूळ गाठ आतड्याच्या बाहेरच्या आवरणाबाहेर किंवा शेजारच्या अवयवात घुसली नव्हती, त्यांना या जोडीचे तीन महिने सहा महिन्यांइतकेच उपयोगी ठरले.

तुमच्या दोन गाठी होत्या, म्हणजे अर्धी अट बसते. उरलेली अर्धी ऑपरेशननंतरच्या बायोप्सी रिपोर्टात आहे. त्यात "टी" या अक्षरापुढे १, २, ३ किंवा ४ असा आकडा लिहिलेला असतो. तो बघा आणि डॉक्टरांना सरळ विचारा, "चार सायकलींनंतर माझ्या बाबतीत पुढच्या चारांचा फायदा किती आणि नसांचा धोका किती?" टी ४ असेल, म्हणजे गाठ त्या आवरणाबाहेर किंवा शेजारच्या अवयवात गेली असेल, तर चित्र वेगळं, तिथे सहा महिन्यांकडे कल असतो. पण तेव्हाही नुसती सलाईन कमी किंवा बंद करून गोळ्या चालू ठेवणं हा रस्ता असू शकतो. शिवाय सत्तरीनंतर गोळ्यांच्या जोडीला ऑक्सॅलिप्लॅटिन दिल्याने जादा फायदा किती होतो, यावर कॅन्सरच्या तज्ज्ञांतही एकमत नाही. तेव्हा प्रश्न आगाऊपणाचा मुळीच नाही. निर्णय तुम्ही आणि डॉक्टर मिळून घ्याल. मनाने एकही गोळी कमी करू नका, हेही बजावून ठेवते. माझं म्हणणं इतकंच की हा निर्णय आता तोंडावर आला आहे आणि त्यातला निम्मा पुरावा तुमच्या बोटांत आहे.

बोटं दुखतही असतील, नुसती बधिर नसतील, तर तेही सांगा. केमोमुळे नसा दुखतात त्यावर ड्युलोक्सेटिन नावाच्या गोळीचा उपयोग काही जणांना होतो. ती मुळात नैराश्यावरची आहे, त्यामुळे ती लिहून दिली तर "मला वेडा ठरवलं" असं मनात आणू नका. तळहात-तळपाय लाल होऊन सोलत असतील तर तो गोळ्यांचा वेगळा परिणाम, आणि त्याचंही औषध करता येतं.

आता तुमच्या मुलाचं. डॉक्टरांसमोर तो उत्तर देतो कारण फाईल त्याने पाठ केली आहे आणि घाबरलेल्या माणसाला गप्प बसवत नाही. त्याला तिथल्या तिथे टोकू नका, त्याचा पाणउतारा होईल आणि येताना गाडीत दोघंही गप्प बसाल. आदल्या संध्याकाळी घरीच कामं वाटून घ्या. तारखा, रिपोर्ट, कुठली गोळी किती, विमा, हे सगळं त्याने बोलायचं. अंगात काय होतं ते फक्त तुम्ही. त्याला एवढंच म्हणा, "अरे, आकडे तू सांग, दुखणं मी सांगतो." आणि कधी डॉक्टरांशी दोन मिनिटं एकट्याने बोलावंसं वाटलं तर तसं खुशाल म्हणा. रुग्ण तुम्ही आहात. काही गोष्टी मुलासमोर बोलता येत नाहीत, लघवी-संडासाच्या, झोपेच्या, मरणाच्या भीतीच्या. चांगले डॉक्टर ते ओळखतात.

गाडीच्या किल्लीबाबत मात्र मी त्याच्या बाजूची आहे. राग आला तरी चालेल. तळपायाखाली कापूस असल्यासारखं वाटतं म्हणजे ब्रेकवर पाय किती दाबला हे तुम्हाला नीट कळणार नाही. सध्या नको. "कायमची" आणि "सध्या" यांत फरक आहे, तो मुलाने तुम्हाला शब्दांत सांगायला हवा होता आणि किल्ली हातातून काढून घेण्याऐवजी मागून घ्यायला हवी होती. हे त्याला वाचून दाखवा. याच पायांसाठी रात्री संडासाच्या वाटेवर दिवा राहू द्या आणि घरात टाच पक्की धरणारं काहीतरी पायात घाला. आंघोळीचं पाणी हाताच्या बोटांनी तपासू नका, कोपराने तपासा. बधिर बोटांना चटका उशिरा कळतो.

पुढचा प्रश्न तुम्ही विचारला नाहीत, पण विचारायला हवा होता. सत्तरीच्या पुढच्या रुग्णाचं वय धरून सगळ्या बाजूंनी मोजमाप करता येतं: चालणं, तोल, विसराळूपणा, बाकीची औषधं, खाणं, घरी मदतीला कोण. अमेरिकेत रोचेस्टर विद्यापीठाच्या कॅन्सरतज्ज्ञ सुप्रिया मोहिले यांनी सत्तर आणि त्यापुढच्या ७१८ रुग्णांवर केलेला अभ्यास २०२१ मध्ये आला. त्या रुग्णांचा आजार तुमच्याहून पुढे गेलेला होता, पण मुद्दा तोच. ज्या डॉक्टरांच्या हातात असं मोजमाप आणि त्यावरच्या सूचना दिल्या, त्यांच्या रुग्णांत केमोचे गंभीर दुष्परिणाम ५१ टक्क्यांना झाले. ज्यांच्या हातात दिल्या नाहीत, त्यांच्यात ७१ टक्क्यांना. तेव्हा "माझं वय धरून एकदा सगळं तपासाल का?" असं विचारा. तुमच्या इतर गोळ्यांची पिशवीही बरोबर न्या. विशेषतः रक्त पातळ करण्यासाठी वॉरफरिन चालू असेल तर ते न विसरता सांगा, तुमच्या केमोच्या गोळ्यांनी त्याचा परिणाम फार वाढतो.

थकव्याचं काय? आंघोळ हे श्रमाचं काम आहे, हे निरोगी माणसाला पटत नाही. उभं राहणं, वाकणं, हात वर करणं, अंग पुसणं, सगळं एका दमात. स्टुलावर बसून करा आणि रोज सकाळीच केली पाहिजे असंही नाही. ज्या वेळी अंगात सर्वात जास्त त्राण असतं ती वेळ तुमच्या आवडीच्या कामाला द्या, आंघोळ दुपारी झाली तरी चालेल. हा थकवा झोपून भरून निघत नाही. उलट आहे, दिवसभर पडून राहिलं की तो वाढतो. कॅन्सरच्या थकव्यावरचे ११३ अभ्यास एकत्र करून २०१७ मध्ये पाहिलं तेव्हा गोळ्यांपेक्षा व्यायाम आणि समुपदेशन यांचा उपयोग जास्त दिसला. व्यायाम म्हणजे घरातल्या घरात, भिंतीच्या आधाराने, पाच मिनिटांच्या चार फेऱ्यासुद्धा. मात्र त्याआधी हिमोग्लोबिन आणि थायरॉइड बघायला सांगा, थकव्याचं कारण तिथेही सापडू शकतं.

लोखंडी चवीला धातूचा चमचा सोडून लाकडी किंवा प्लास्टिकचा वापरून पाहा. एक सावधगिरी: तोंडासाठी बर्फ चघळा असा सल्ला कुणीतरी देईलच. तो दुसऱ्या औषधांसाठी असतो. तुमच्या सलाईनच्या दिवसांत बर्फ तोंडात घालू नका.

"ठणठणीत दिसता" म्हणणाऱ्यांचं मनावर घेऊ नका. कॅन्सर म्हणजे टक्कल असं लोकांच्या डोक्यात बसलं आहे आणि तुमच्या औषधांनी केस फार तर विरळ होतात. त्यांना म्हणा, "केस डोक्यावर आहेत, बोटं बघा." एकदा म्हणून तर बघा, मजा येईल.

आता काकूंचं "सकारात्मक राहा". २००७ मध्ये अमेरिकेतले मानसशास्त्रज्ञ जेम्स कॉइन यांनी डोकं-मानेच्या कॅन्सरच्या हजारावर रुग्णांची माहिती तपासली. मन प्रसन्न असलेले जास्त जगले असं काही त्यात दिसलं नाही. मी हे तुमच्या हाती काकूंना हरवायला देत नाही. तुम्ही रडलात म्हणून गाठ वाढत नाही, एवढा निरोप त्यांना द्यावा म्हणून देते. त्यांना वाटतं, तुम्ही खचलात तर आजार जिंकेल, म्हणून त्या तुमचं प्रत्येक "दुखतंय" धावत जाऊन झाकतात. त्यांच्याकडे दुसरं काही काम नाही, म्हणून हे. त्यांना एक वही द्या. रोज रात्री तुम्ही सांगायचं, त्यांनी लिहायचं: मुंग्या किती वेळ, किती पावलं चाललो, जेवण किती गेलं, संडास किती वेळा. तुमची किरकिर त्यांच्या अक्षरात उतरली की तिचा अहवाल होतो.

आणि अहवालाचं वजन काय असतं तेही सांगते. २०१७ मध्ये अमेरिकेतले कॅन्सरतज्ज्ञ एथन बॅश यांनी पसरलेल्या कॅन्सरच्या ७६६ रुग्णांचा अभ्यास मांडला. काही नेहमीसारखे, विचारलं तर सांगणारे. उरलेले आपली लक्षणं संगणकावर स्वतः नोंदवणारे, आणि एखादं लक्षण बिघडलं की नर्सला लगेच कळायचं. नोंदवणाऱ्यांतला मधोमधचा रुग्ण ३१.२ महिने जगला, बाकीच्यांतला २६. तुमचा आजार त्या टप्प्यावरचा नाही, पण "आपलं एवढं काय" म्हणणाऱ्या प्रत्येकाला मी हा आकडा ऐकवते.

वहीत लिहून सकाळची वाट बघत बसायचं नाही असंही काही असतं. ताप ३८ अंश सेल्सिअस, म्हणजे १००.४ फॅरनहाइट, झाला किंवा नुसती हुडहुडी भरली, अचानक बोलण्यात गोंधळ झाला, तर रात्री दोन वाजता फोन. पॅरासिटामॉल आधी घेऊन ताप झाकू नका. वयस्कर माणसाला जंतुसंसर्ग झाला तरी ताप कधी कधी चढतच नाही, म्हणून नुसतं गळून गेलात तरी कळवा. जुलाब नेहमीपेक्षा चार वेळा जास्त झाले किंवा रात्री उठावं लागलं, तर पुढची गोळी घेण्याआधी फोन.

डोळ्यांत पाणी आलं असं तुम्ही लिहिलंत. बटण म्हणजे माणूस तीन-चार वर्षांचा असताना शिकलेली गोष्ट. सत्तर वर्षं जी न बघता येत होती ती बोटांतून गेली, तर रडू येणारच. पण हे रडू रोजचं झालं, झोप उडाली, कशातच मन लागेनासं झालं, तर तेही वहीत लिहा आणि डॉक्टरांना सांगा. त्याचेही उपचार असतात.

बटण ओढून घ्यायला तारेचा फास लावलेलं मुठीचं छोटं साधन मिळतं, बटणाच्या भोकातून घालायचं आणि बटण अडकवून ओढायचं. ते आणा, पण डॉक्टरांकडे जाऊन आल्यावर. जायच्या दिवशी टी-शर्ट नको. पुढून सगळी बटणं असलेला एक शर्ट आजच काढून ठेवा, तो अंगात घाला, पण बटणं लावू नका. आत गेल्यावर डॉक्टरांनी "काही तक्रार?" असं विचारलं की काही बोलू नका. त्यांच्यासमोर बसून पहिलं बटण लावायला घ्या. मुलाला आधी सांगून ठेवा की मदतीला हात पुढे करायचा नाही. जितका वेळ लागेल तितका लागू दे.